इनामदारांचे डोळे

"दुसरं कोण डॉक्टर न्हाई का हितं?"

सीटी स्कॅनच्या खोलीच्या दारात मला पाहिल्यावर माझ्या भावाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. तेही मला उद्देशून नव्हतं. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तो आमच्या टेक्निशियनला विचारत होता.

टेक्निशियन गोंधळला. "ह्याच मॅडम आहेत. लहान मुलांचं सगळं त्याच बघतात."

"मग आम्ही थांबतो. दुसरं कोण तरी येऊ दे."

"दुसरं कुणी येणार नाही," मी म्हणाले. "बाळाला गुंगीचं औषध दिलंय. ते उतरायच्या आत स्कॅन व्हायला हवा. आत आणायचं की परत न्यायचं, तुम्ही ठरवा."

मी त्याला 'तुम्ही' म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या शेजारी एक सडपातळ, तरुण बाई झोपलेल्या बाळाला छातीशी धरून उभी होती. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. मागच्या बाकावर पांढऱ्या सदऱ्यात, काठीवर दोन्ही हात ठेवून माझे वडील बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

माझं माहेरचं आडनाव इनामदार. कोल्हापुरात रेडिऑलॉजी शिकत असताना मी प्रबोध कांबळेशी रजिस्टर लग्न केलं. प्रबोध कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. लग्नाच्या दिवशी कचेरीच्या आवारात माझा थोरला भाऊ संग्राम मित्रांना घेऊन आला. मित्रांनी प्रबोधला धरलं आणि संग्रामनं मारलं. मारताना तो प्रबोधशी बोलत नव्हता, माझ्याकडे बघून बोलत होता. "इनामदारांचं रक्त नासवलंस." प्रबोधचं खांद्याचं हाड मोडलं. त्याचा एक्स-रे आमच्याच विभागात काढला आणि मीच वाचला. पोलिसांत गेलो नाही, कारण प्रबोधच्या वडिलांना त्याच पंचक्रोशीत राहायचं होतं. पुढं आई गेली, ते मला पेपरातल्या निधनवार्तेतून कळलं. त्या बातमीत मुलगा, सून, पुतणे, भाचे सगळे होते. मी नव्हते.

तेव्हा त्या सकाळी माझ्या मनात त्याच्याविषयी काही मऊ नव्हतं, हे आधीच सांगते. क्षमा करायचा प्रश्न नव्हता, कुणी मागितलीच नव्हती.

"कुठं ठेवायचं ह्याला?" त्या बाईनं विचारलं, आणि नवऱ्याला ओलांडून ती सरळ आत आली. तिचं नाव तेजस्विनी. माझी वहिनी.

बाळाचं नाव राजवर्धन, वय आठ महिने. मी त्याला दुपट्यात गुंडाळून टेबलावर ठेवलं, डोकं फोमच्या खाचेत बसवलं. डोकं वर निमुळतं होत गेलेलं, कपाळ उंच, आणि झोपेतसुद्धा डोळे पूर्ण मिटत नव्हते. पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसत होतं.

"सांभाळून," संग्राम दारातून ओरडला. "त्याला जास्त हात लावू नको."

मी दार लावून घेतलं.

तान्ह्या बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांचे वेगवेगळे पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये शिवणी. मेंदू वाढतो तसं या शिवणींपाशी हाड वाढत जातं, जागा होत जाते. राजवर्धनच्या शिवणी वेळेच्या फार आधी जुळून गेल्या होत्या. कॉम्प्युटरनं सगळे छेद जोडून स्क्रीनवर अख्खी कवटी उभी केली. ती मी बोटानं फिरवत होते. पुढून, बाजूनं, वरून. जिथं रेघा दिसायला हव्यात तिथं सपाट हाड. मेंदू वाढत होता आणि त्याला जायला जागाच नव्हती, म्हणून तो मिळेल तिकडे ढकलत होता. वर, आणि पुढं डोळ्यांच्या खोबणीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आतली नस सुजायला लागली आहे. थांबलं तर दृष्टी जाणार.

आमचे सर्जन डॉ. पोतनीस हे ऑपरेशन शुक्रवारी करणार होते. डोक्याचा मागचा भाग मोकळा करून मागं सरकवायचा, म्हणजे मेंदूला जागा होते. हाड कुठून कापायचं, किती सरकवायचं, हे ते माझ्या चित्रांवरून ठरवत.

मी कवटी फिरवून मागची बाजू समोर आणली आणि थांबले.

मागच्या हाडात छिद्रं होती. अशी बारीक छिद्रं प्रत्येकाला असतात, त्यातून केसाएवढ्या शिरा जातात. ही मात्र पेन्सिल जाईल एवढी होती. मी खाली, कवटीच्या तळाशी गेले. मेंदूतलं रक्त जिथून बाहेर पडतं ते मुख्य दरवाजे दोन्ही बाजूंनी चिंचोळे झाले होते. याचा अर्थ एकच होऊ शकत होता. रक्तानं दुसरी वाट शोधली होती. मेंदूतून येणारं बरंचसं रक्त या मागच्या छिद्रांतून, कातडीखालच्या शिरांतून बाहेर पडत होतं. पोतनीस शुक्रवारी नेमक्या तिथंच कापणार होते.

हे नुसत्या हाडाच्या स्कॅनवरून शपथेवर सांगता येत नव्हतं. शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा वेगळा स्कॅन करायला हवा होता.

पोतनीस निष्णात सर्जन होते आणि त्यांच्याशी बोलणं हा छळ होता. मी चित्रं दाखवली तेव्हा ते उभ्यानंच बघत होते.

"पुन्हा गुंगी, पुन्हा किरण, पुन्हा मूत्रपिंडावर औषधाचा भार. आणि माझी शुक्रवारची तारीख जाणार. ही छिद्रं मी भरपूर कवट्यांत पाहिलीयत."

"एवढी मोठी?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "मी ऐकतोय ते खरं का? तो तुमचा भाऊ आहे?"

"आहे."

"आणि वैर आहे."

"आहे."

"घरचं भांडण माझ्या टेबलावर आणू नका, डॉक्टर."

"मग हीच चित्रं पुण्याला पाठवा. मुंबईला पाठवा. ज्याचं या घराशी नातं नाही अशा माणसाला दाखवा. पण शिरा बघितल्याशिवाय त्या डोक्याला मागून हात लावू नका. लावलात, तर मी तसं लेखी देईन."

"धमकी देताय?"

"हो."

ते स्क्रीनकडे वळले. कवटी स्वतः फिरवून पाहिली, मग पुन्हा एकदा. "आईबापांची संमती आणा," ते म्हणाले. "सांगायला मी येतो. तुम्हीही या. तो माणूस काय बोलतो ते मला ऐकायचंय."

दुपारी पोतनीसांच्या खोलीत सगळे जमलो. तेजस्विनी बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली. आबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीवर, संग्राम उभाच. पोतनीसांनी दोन वाक्यांत सांगितलं की आणखी एक स्कॅन करायचा आहे आणि शुक्रवारचं ऑपरेशन पुढं जाईल.

"तुम्ही तर म्हणाला होता, उशीर करून चालणार नाही," संग्राम म्हणाला.

"अजूनही म्हणतो. पण मागच्या शिरांची शंका आहे."

"शंका कुणाला? तुम्हाला का हिला?"

"मला," मी म्हणाले.

"वाटलंच." तो आता पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "एवढ्या वर्षांनी घावलोय न्हवं तुझ्या हातात. बदला घ्यायलीस. माझं पोरगं आंधळं झालं की तुझं समाधान होणार."

"मला बदला घ्यायचा असता तर मी गप्प बसले असते," मी म्हणाले. "शुक्रवारी आपोआप झालं असतं."

आबांना फार कमी ऐकू यायचं. लहानपणापासूनच, असं घरात सांगत. त्यांनी काठी आपटली. "काय म्हणतीय ती?"

"ऑपरेशन पुढं ढकला म्हणतीय!" संग्राम त्यांच्या कानाशी ओरडला.

"तिला काय पडलंय? ती मेली आम्हाला!" आबांचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असेल. "आमच्या घरात असलं पोर कधी निपजलं न्हाई! हे सगळं त्या बाजूनं आलंय!" काठीचं टोक तेजस्विनीकडे वळलं. "गिराणात कोयता हातात धरला हिनं! हिच्या आईबापांनी काही शिकवलं न्हाई!"

तेजस्विनीनं मान वर केली नाही. बाळाच्या डोक्यावरची टोपी तिनं नीट केली, जी नीटच होती.

पोतनीस म्हणाले, "ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. आणि ऑपरेशनला रक्त लागेल, तेही सांगून ठेवतो."

"कुणाचं रक्त?" संग्रामनं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे रक्तपेढीत कुणाकुणाचं असतं, कुणाला ठाऊक. आमचं आम्ही देऊ."

"बाटलीवर आडनाव लिहिलेलं नसतं, इनामदार," पोतनीस म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पुढचे बरेच अपमान सोसले.

संग्राम हसला. ते हसू मला ठाऊक होतं. "काही गरज न्हाई. दुसऱ्या गावचा एक सर्जन तयार हाय. सकाळी हिला बघितल्यावरच फोन केलाय. असला वेळकाढूपणा न करता परवा करतो म्हणालाय. उद्या सकाळी सुट्टी द्या."

तो आबांना हाताला धरून बाहेर पडला. तेजस्विनी बाळाला घेऊन त्यांच्या मागं गेली. दारात तिनं एकदा वळून माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळच्या आधी ती एकटीच माझ्या खोलीत आली. बाळाला वॉर्डातल्या सिस्टरकडे ठेवून आली होती. खुर्चीत बसली नाही.

"तुम्ही आमच्या वन्सं," ती म्हणाली. "मला आत्ता कळलं. घरात तुमचा एक फोटोसुद्धा न्हाई."

"असणार नाही."

"तुम्ही खोटं बोलताय असं हे म्हणतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? मला विचारतंय कोण?" तिचा आवाज चढला, मग तिनं तो दाबला. "एक सांगा. तुम्हाला ह्यांचा राग आहे?"

"खूप."

"माझ्या बाळाचा?"

खरं सांगायचं तर स्क्रीनवर 'इनामदार' हे नाव बघितलं तेव्हा फाईल बंद करावी असं वाटलं होतं. पण नंतर कवटी फिरवताना मला नाव दिसत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

ती मग बोलायला लागली. परवा ऑपरेशन झालं की तिला माहेरी पाठवायचं ठरलं होतं, बाळ वाचो न वाचो. आबांनी दुसरं स्थळ बघायलासुद्धा सांगितलं होतं. "आमच्या घरात कुणाला काही न्हाई हो. माझ्या भावाची पोरं, बहिणीची पोरं, सगळी धडधाकट. तरी माझ्याच माहेरचं म्हणतात. आणि गंमत बघा. हा झाला तेव्हा पहिले काही दिवस सगळे खूश होते. ह्यांच्या आत्याबाई दृष्ट काढत होत्या. म्हणायच्या, बघा, इनामदारांचे डोळे घेऊन आलाय. आजोबांचे, आबांचे, ह्यांचे, सगळ्यांचे असेच मोठे, पुढं आलेले. राजेशाही डोळे म्हणायचे. डॉक्टरांनी हा आजार आहे म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून ते डोळे माझ्या माहेरचे झाले."

ती डोळे पुसून निघून गेली. मी राजवर्धनची कवटी पुन्हा स्क्रीनवर आणली आणि डोळ्यांच्या खोबणी मोठ्या करून बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा त्यांचं सामान बांधून झालं होतं. संग्राम सिस्टरवर ओरडत होता की कागद अजून का तयार नाहीत. पोतनीस राउंडवर होते. मी त्यांना बाजूला घेऊन मला काय वाटतंय ते सांगितलं. त्यांनी लांबूनच आबांकडे पाहिलं. मग संग्रामकडे. बराच वेळ पाहिलं.

"मला हे कालच दिसायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग ज्या सुरात ते सगळ्यांशी बोलत त्याच सुरात, "तुम्हाला तर जन्मापासून दिसायला हवं होतं."

मी संग्रामच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याला 'तुम्ही' म्हणायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

"तुझ्या डोक्याचा एक एक्स-रे काढायचा आहे."

"माझ्या?"

"तुझ्या. वेळ लागणार नाही."

"कशाला?"

"तू म्हणतोस हे पोराच्या आईकडून आलं. मी म्हणते तुझ्याकडून आलंय."

शेजारच्या खाटेवरची बाई पोराला भरवता भरवता थांबली.

संग्रामचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो माझ्या इतका जवळ आला की मला त्याच्या तंबाखूचा वास आला. मला वाटलं, आता हात उचलणार. पोतनीस एक पाऊल पुढं झाले.

"माझ्यात खोट काढायलीस?"

"एक्स-रे काढ. स्वच्छ निघाला तर पोराला घेऊन जा, मी आडवी येणार नाही. पोरासारखं निघालं, तर मी सांगते तो स्कॅन करायचा. भितोस का?"

शेवटचा शब्द मी मुद्दाम वापरला. लहानपणी विहिरीच्या काठावर तो मला हेच विचारायचा.

"काढ," तो म्हणाला. "काय काढायचं ते काढ. सगळ्यांसमोर बघू."

मला खात्री नव्हती. हे कबूल करायला हवं, कारण नंतर लोकांनी ही गोष्ट सांगताना मला सगळं आधीच ठाऊक होतं असं सांगितलं. मला फक्त ते डोळे ठाऊक होते, आणि आबांचं कमी ऐकू येणं, जे या आजारात पुष्कळदा असतं, आणि लहानपणी संग्रामचं दुखणारं डोकं. निव्वळ मोठे डोळे निघाले असते तर राजवर्धन त्या दुपारी दुसऱ्या गावाला गेला असता, आणि त्याला घालवणारी मीच ठरले असते. संग्राम एक्स-रेच्या पाटीसमोर हनुवटी वर करून उभा राहिला. मी काचेमागं गेले.

चित्र स्क्रीनवर उमटलं.

मी सगळ्यांना आत बोलावलं. डाव्या बाजूला राजवर्धनची कवटी लावली, उजव्या बाजूला संग्रामची. कुणाला समजावून सांगायची फार गरजच पडली नाही. दोन्हींच्या आतल्या बाजूला ओल्या मातीवर बोटं दाबावीत तशा खुणा होत्या. डोळ्यांच्या खोबणी दोन्हीकडे तशाच उथळ. गालाची हाडं तशीच मागं.

"हे काय हाय?" संग्रामनं विचारलं. आवाज बदलला होता.

"तू वाढत होतास तेव्हा तुझ्या मेंदूला कवटीनं पुरेशी जागा दिली नाही. त्यानं आतून रेटून रेटून हे वळ केलेत. तुझं थोडक्यात निभावलं. शाळेतून आलास की तुझं डोकं दुखायचं, आई सुंठ उगाळून लावायची कपाळावर. आठवतंय?"

त्याचा हात कपाळाकडे गेला.

"पोराचं तेच आहे, फक्त जास्त जोरात आलंय. बापाकडून. आणि तुझ्याकडे कुणाकडून आलं ते तू बघतोयस."

सगळ्यांच्या नजरा आबांकडे गेल्या. आबा दाराशी, काठीवर रेलून, त्या दोन चित्रांकडे त्यांच्या मोठ्या, पुढं आलेल्या डोळ्यांनी बघत होते. त्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता.

"काय निघालं?" ते ओरडले.

संग्राम खाली बघत राहिला. पोतनीस माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी तेजस्विनी पुढं झाली. आबांच्या कानाशी वाकली नाही, समोर सरळ उभी राहिली.

"तुमच्याकडून आलंय, आबा!"

"काय?"

"तुमच्याकडून!" ती ओरडली. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारापर्यंत आली. "माझ्या माहेरचं न्हाई! ग्रहणाचं न्हाई! तुमच्या घरातलं हाय हे! तुमच्या रक्तातलं!"

आबांनी संग्रामकडे पाहिलं. तो 'नाही' म्हणेल अशी वाट बघितली. मग आबा वळले आणि काठी टेकत बाहेर गेले. माणसांनी त्यांना वाट करून दिली.

मी हा क्षण वर्षानुवर्षं मनात रंगवला होता, संग्रामला माझ्यासमोर मान खाली घालायला लागेल असा क्षण. 'रक्त' हा शब्द त्याला परत द्यायचा होता. तो द्यायचं काम वहिनीनं केलं, तिच्या कारणासाठी, आणि माझ्यासाठी काही उरलं नाही.

"सही कुठं करायची?" तेजस्विनीनं विचारलं.

रक्तवाहिन्यांचा स्कॅन त्याच दिवशी झाला. औषध शिरेतून गेलं आणि मागच्या छिद्रांतून दोन जाड शिरा पांढऱ्याशुभ्र उजळल्या. मेंदूतलं जवळजवळ सगळं रक्त त्याच वाटेनं बाहेर जात होतं. पोतनीस माझ्या मागं उभे होते. "शुक्रवारी..." एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. माझ्या खोलीत ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आम्ही दोघांनी मिळून नवा बेत आखला. राजवर्धनच्या कवटीची स्कॅनवरून प्लॅस्टिकची प्रतिकृती करून घेतली. पोतनीसांनी तिच्यावर मार्करनं रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. शिरा ज्या पट्ट्यातून जात होत्या तो हाडाचा पट्टा जागच्या जागी ठेवायचा आणि त्याच्या वरून कापून वरचा भाग मोकळा करायचा, असं ठरलं. त्यांनी ते प्रतिकृतीवर करवतीनं कापूनही पाहिलं. मध्येच माझ्यावर खेकसले, मीही उलटून बोलले. काम चांगलं झालं.

ऑपरेशनच्या दिवशी मी माझ्या खोलीत इतरांचे रिपोर्ट लिहीत बसले होते. एका गुडघ्याच्या एमआरआयवर मी काय लिहिलं ते मला नंतर पुन्हा तपासावं लागलं. पोतनीस आले तेव्हा त्यांचा मास्क गळ्यात लोंबत होता.

"शिरा शाबूत. फारसं रक्त गेलं नाही. झोपलाय." जाता जाता थांबले. "लेखी द्यायची वेळ आली नाही तुमच्यावर."

राजवर्धनचे डोळे वाचले. आता तो शाळेत जातो, जाड चष्मा लावतो, मध्ये त्याचं आणखी एक ऑपरेशन झालं. तेजस्विनी माहेरी गेली नाही. दर वर्षी ती त्याला तपासणीला घेऊन येते, माझ्याशी भरपूर बोलते. संग्राम खाली गाडीत बसून राहतो.

पण मला सांगायचं आहे ते त्यांना सुट्टी मिळाली त्या दिवसाचं. तेजस्विनी बाळाला घेऊन पुढं गेली होती. संग्राम माझ्या खोलीच्या दारात आला. आभार मानायला आला असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही.

"तुला एक मुलगी हाय म्हणं," तो म्हणाला.

"आहे."

"तिला हाय का हे?"

"दिसत तरी नाही. मला असेल तर तिच्यात असू शकतं."

"तुझा एक्स-रे काढला न्हाईस?"

"नाही."

"डॉक्टर हाईस न्हवं?" तोच जुना तिरस्कार. "आमच्या डोक्यात डोकावलीस तेवढं. स्वतःचं बघून घे."

तो गेला. मी दुपारी टेक्निशियनला बोलावलं आणि पाटीसमोर उभी राहिले. स्वतःचं चित्र स्वतः वाचायचं धाडस झालं नाही, पोतनीसांना दाखवलं. त्यांनी माझा चेहरा, डोळे आणि, अशा काही आजारांत बोटंही जुळलेली असतात म्हणून, हाताची बोटंसुद्धा नीट तपासली. एकही खूण नव्हती. कवटी आतून गुळगुळीत. त्या घरातलं माझ्यात काही आलं नव्हतं. मला फार बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती.

केसपेपरवर तेजस्विनीचा नंबर होता. मी फोन लावला. उचलला संग्रामनं. मागं गाडीचा आवाज आणि बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं.

"हेमलता बोलतेय," मी म्हणाले. "मला नाही. म्हणजे मुलीलाही नाही."

पलीकडे नुसता गाडीचा आवाज राहिला. फोन ठेवला की काय, म्हणून मी बघितलं. ठेवला नव्हता.

"म्हणजे पोरगी कांबळ्यांच्यावर गेली," तो म्हणाला.

तो हे कुजकटपणे म्हणाला की सुटकेनं, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला, आणि त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.